पट्टीला धूर कळत नाही

निकोटिन घेतलंय का हे पाहणारी लघवीच्या तपासणीची पट्टी पाच मिनिटांत उत्तर देते. लघवीचे तीन-चार थेंब खाचेत पडले की द्रव कागदावरून सरकत जातो आणि दोन जागी रेषा उमटायची वाट पाहायची. एक ‘सी’, म्हणजे पट्टी नीट चालते आहे याची खूण, आणि दुसरी ‘टी’. नवख्याचा घोटाळा इथेच होतो. दोन्ही रेषा दिसल्या तर नमुना निगेटिव्ह. ‘टी’ची रेषा आलीच नाही तर पॉझिटिव्ह. फिकट आली तरी ती आलीच, तिला निगेटिव्हच म्हणायचं. ‘सी’सुद्धा उमटली नाही तर पट्टी बाद. आणि दहा मिनिटं उलटून गेल्यावर जे दिसेल त्याला काही किंमत नाही.

ही पट्टी निकोटिन शोधत नाही, कोटिनिन शोधते. शरीरात गेलेल्या निकोटिनपैकी साधारण ७० ते ८० टक्के भागाचं यकृतात कोटिनिन होतं. निकोटिन रक्तातून झपाट्याने जातं, दर दोन तासांनी निम्मं होतं. कोटिनिनला निम्मं व्हायला १६ ते १८ तास लागतात. म्हणजे सकाळी सातला नमुना घेतला आणि आदल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन झुरके मारले असतील, तर निकोटिन जवळपास गेलेलं असतं. कोटिनिन ठाण मांडून असतं. विमा कंपन्यांनी आणि नोकरीआधीच्या तपासण्यांनी याच पदार्थावर भरवसा ठेवला तो त्यामुळे. लघवीच्या झटपट पट्टीसाठी नेहमीची मर्यादा एका मिलिलिटरमागे २०० नॅनोग्रॅम असते, काही पट्ट्यांची १०० असते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत हा आकडा हजाराच्या पुढे सहज असतो.

आता मुद्दा असा, की पट्टीला धूर कळत नाही. निकोटिन सिगारेटमधून आलं, व्हेपमधून म्हणजे ई-सिगारेटमधून आलं, गालात धरलेल्या तंबाखूतून आलं, हुक्क्यातून आलं की औषधाच्या दुकानातल्या च्युइंगगममधून, तिच्या लेखी सगळं एकच. ‘टोबॅको-फ्री’ म्हणून विकलं जाणारं, प्रयोगशाळेत तयार केलेलं निकोटिनसुद्धा यकृतात जाऊन तेच कोटिनिन होतं. त्यामुळे ‘मी सिगारेट पीत नाही’ असं मनापासून, खरं सांगणारा व्हेपवाला मुलगा आणि रोज पाकीट संपवणारा त्याचा साहेब, दोघांचे अहवाल शेजारी ठेवले तर फरक दिसेलच असं नाही. उलट मुलाचा आकडा जास्त निघायचीही शक्यता असते.

ती का, ते व्हेप उघडून पाहिलं की समजतं. आत चारच गोष्टी असतात: लिथियमची बॅटरी, तिच्यावर तापणारी बारीक तारेची कॉइल, कॉइलला चिकटून द्रव शोषून धरणारा कापूस, आणि द्रवाची टाकी किंवा पॉड. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची द्रव्यं आणि निकोटिन. जुन्या पद्धतीच्या द्रवात निकोटिन मिलिलिटरला ३ ते १८ मिलिग्रॅम असायचं, कारण त्यापुढे घसा सोलून निघाल्यासारखा होई. मग बेन्झोइक आम्ल मिसळून केलेलं निकोटिनचं क्षार आलं. ते घशाला सौम्य लागतं, म्हणून मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत चढवता आलं. पाकिटावर ‘५%’ लिहिलेलं असतं ते हेच. दोन मिलिलिटरचा पॉड म्हणजे १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात पोचतं ते साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. पॉडमधलं निम्मंच रक्तात गेलं असं धरलं तरी हिशेब तेहतीस ते पन्नास सिगारेटींवर जातो. सिगारेट संपते, थोटूक विझतं, माणूस टपरीवरून जागेवर परततो. व्हेपला असा शेवट नाही. मीटिंगच्या मधे, जिन्यात, लोकलच्या पुलावर, बाथरूममध्ये, एकेक झुरका चालूच राहतो. किती ओढलं याचा अंदाज ओढणाऱ्यालाच नसतो, आणि म्हणून ‘कधीतरी’ हा त्याचा शब्द तो खोटं बोलण्याच्या हेतूने वापरत नसतो.

‘झीरो निकोटिन’ लिहिलेल्या उपकरणावर विसंबणाऱ्यांचं तर आणखी अवघड. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद झालं, द्रवात निकोटिन असो वा नसो. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी मुंबईत माल मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो कोणी तपासलेला नसतो. पाकिटावरचा आकडा छापणाऱ्याच्या मर्जीचा. शून्य म्हणून घेतलेल्यात निकोटिन निघालं तर दाद कुठे मागणार? पट्टी पॉझिटिव्ह आली की पाकीट दाखवून काही सिद्ध होत नाही.

लोक मग कारणं शोधतात. घरात वडील ओढतात, त्यांचा धूर लागला असेल. दुसऱ्याच्या धुरानेही कोटिनिन येतं, पण ते इतकं थोडं असतं की २०० ची मर्यादा गाठत नाही. वांग्याचं कारणही ऐकायला मिळतं, आणि त्यात तथ्याचा कण आहे: वांगं, टोमॅटो, बटाटा ही तंबाखूच्याच कुळातली झाडं, आणि वांग्यात एका ग्रॅममागे सुमारे १०० नॅनोग्रॅम निकोटिन सापडतं. गणित मांडा. एक मिलिग्रॅम व्हायला दहा किलो वांगी लागतील. इतकं भरीत एका बैठकीत कोणी खाल्लेलं नाही. जास्त पाणी पिऊन नमुना पातळ करायचा उपायही प्रयोगशाळांना जुना आहे. लघवी किती दाट आहे ते दाखवणारं क्रिएटिनिन हे द्रव्य डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आलं की नमुना पातळ म्हणून नोंदवला जातो आणि पुन्हा बोलावणं येतं. खरं म्हणता येईल असं कारण एकच आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही: तंबाखूची पानं हाताळणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगात कातडीवाटे निकोटिन जातं. सोलापूर-सिन्नरकडच्या विडी कामगार बाईने आयुष्यात झुरका मारलेला नसतो, तरी तिच्या लघवीत कोटिनिन सापडू शकतं.

पट्टी चुकवणं अशक्य आहे असं मात्र नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक ऑफिसात कोणीतरी हे सांगणारा असतोच. आकडा १६०० असेल तर १६-१७ तासांत ८००, मग ४००, मग २००. म्हणजे दोन-सव्वादोन दिवसांत मर्यादेशी येतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टीवर दोन रेषा उमटतात. ज्यांच्या यकृतात हे काम संथ चालतं किंवा ज्यांचं ओढणं जबर आहे, त्यांना आठवडा-दहा दिवस लागतात. तपासणीची तारीख आधी कळलेली असते. चार दिवस कळ काढली, अहवाल स्वच्छ आला, पॉलिसी कमी दराने मिळाली. मोहीम फत्ते झाल्याचा आनंद होतो. माझा सगळा जीव अडकला आहे तो इथे. कारण विम्याच्या फॉर्मने गेल्या चार दिवसांबद्दल विचारलेलंच नव्हतं. फॉर्म विचारतो: गेल्या १२ महिन्यांत, काही कंपन्यांचा त्याहून जास्त काळात, तंबाखू किंवा निकोटिन कोणत्याही रूपात घेतलंत का? अहवाल त्या चार दिवसांपुरता आणि सही त्या बारा महिन्यांची. क्लेमच्या वेळी अहवाल पुढे येत नाही. सही येते.

टर्म इन्शुरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणाऱ्या आयुर्विम्यात, ओढणाऱ्याचा आणि न ओढणाऱ्याचा दर वेगळा असतो. कंपनी, वय आणि मुदतीप्रमाणे फरक बदलतो, पण दीडपट ते जवळपास दुप्पट हा साधारण पल्ला. एलआयसीच्या टेक टर्म आणि जीवन अमर या योजनांमध्ये तर नियमच होता की न ओढणाऱ्याचा दर लघवीतल्या कोटिनिनच्या तपासणीवरून मिळेल, बाकी सगळ्यांना ओढणाऱ्याचा दर. मला ही रीत सरळ वाटते. तिच्यात कोणाच्या तोंडाकडे बघून ठरवणं नाही. अडचण येते ती तपासणीच्या आधी आणि नंतर.

आधीची अडचण म्हणजे प्रश्न विचारला जातो ती जागा. हल्ली बऱ्याच प्रस्तावांना डॉक्टरचा फोन येतो, संभाषण रेकॉर्ड होतं. फोन येतो तेव्हा मुलगा डोंबिवलीच्या वन बीएचकेत असतो, आई स्वयंपाकघरात, वडील टीव्हीसमोर. पलीकडून विचारणा होते, “तंबाखू, सिगारेट, गुटखा, काही घेता का?” आईच्या कानावर जाईल अशा बेताने तो काय उत्तर देणार? ‘नाही’ हे उत्तर तो विमा कंपनीला देतच नसतो, आईला देत असतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते कंपनीला दिलेलं उत्तर म्हणून जमा होतं. सकाळी सातला नमुना न्यायला घरी येणाऱ्या माणसासमोर फॉर्म भरतानाही हेच होतं. यावर उपाय साधा आहे: डॉक्टरला सांगायचं, आत्ता बोलता येत नाही, दुपारी एकला फोन करा. वेळ बदलून मिळते. नमुना घरी देण्याऐवजी सेंटरवर जाऊन द्यायची सोयही असते. आणि एजंट म्हणाला, “अहो, कधीतरी घेता ना, मग नो टाका, कशाला हप्ता वाढवता,” तर त्याच्यापुढे ओटीपी वाचून दाखवायचा नाही. फॉर्म आपल्या फोनवर मागवायचा, त्या पानावर थांबायचं, स्वतः भरायचं. व्हेपचा वेगळा रकाना नसेल तर ‘इतर माहिती’मध्ये लिहायचं: ई-सिगारेट, निकोटिनसह, आठवड्यातून इतके दिवस. बंदी असलेली गोष्ट कागदावर कशी लिहायची, ही भीती मला समजते. पण कायद्याने शिक्षा सांगितली आहे ती धंद्याला आणि साठ्याला. ओढण्याच्या क्रियेला स्वतंत्र शिक्षा त्यात नाही. जवळ बाळगण्यावरून पोलिसांशी वाद होऊ शकतो. विम्याच्या फॉर्मवर ‘मी ओढतो’ लिहिणं हा मात्र वेगळा भाग आहे.

नंतरची अडचण विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. १९३८ च्या या कायद्यातलं हे कलम २०१५ मध्ये बदललं. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं उलटली की आयुर्विमा कंपनीला कोणत्याही कारणाने ती वादात आणता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवली या कारणांनी आणता येते. म्हणून तीन वर्षांच्या आतला मृत्यू म्हटला की चौकशी आलीच. तपासणारा माणूस शेजाऱ्यांकडे जाईल, कामाच्या ठिकाणी जाईल, पण त्याला सगळ्यात जास्त हवा असतो तो रुग्णालयाचा केसपेपर.

केसपेपर कसा भरला जातो ते पाहिलेलं बरं. केईएम, सायन, नायर किंवा कुठल्याही खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला रुग्ण येतो. निवासी डॉक्टर घाईत विचारतो, “व्यसन काय?” रुग्ण बोलायच्या अवस्थेत नसतो. बरोबर आलेला मेहुणा सांगतो, “सिगारेट वगैरे असेल थोडी.” डॉक्टर लिहितो: धूम्रपान, दहा वर्षं. ही दहा वर्षं कोणी मोजलेली नसतात. डॉक्टरला ती उपचारापुरती हवी असतात, त्याच्या मनात विमा नसतो. पुढे हीच ओळ क्लेमच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर येते आणि फॉर्मवरच्या ‘नाही’शेजारी ठेवली जाते. म्हणून बरोबर जाणाऱ्यांनी माहीत असेल तेवढंच सांगावं, माहीत नसेल तर तसं म्हणावं. डिस्चार्जच्या कागदावर व्यसनाची नोंद वाचावी, चुकीची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडून दुरुस्त करून घ्यावी. महिन्यांनंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानेच पाहिलं जातं.

क्लेम नाकारला गेलाच तर नॉमिनीने तिथे थांबू नये. याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, ते वकिलांखेरीज फार कोणी वाचत नाही: दडवलेली माहिती ‘महत्त्वाची’ ठरवायची असेल, तर ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर आहे. ओढणाऱ्यांना तर कंपन्या पॉलिसी देतातच, जास्त दराने देतात. हा युक्तिवाद दरवेळी जिंकेल असं नाही, कारण कंपनी फसवणुकीचा मुद्दा पुढे करू शकते. पण तो मांडायलाच हवा. आणि फसवणूक सिद्ध न होता केवळ माहिती दडवल्याच्या कारणाने पॉलिसी रद्द केली, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करायचे असतात. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. तिथे वकील लागत नाही, फी नाही.

तीन वर्षांचा हिशेब एका बाबतीत फार लोकांना दगा देतो. हप्ता चुकला, ग्रेस पीरियड उलटला, पॉलिसी बंद पडली, मग पुन्हा सुरू केली. पुनरुज्जीवनाच्या वेळी प्रकृतीचं नवं घोषणापत्र द्यावं लागतं आणि तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. तिशीत पॉलिसी घेताना खरोखर न ओढणारा, पस्तिशीत व्हेप लागलेला आणि छत्तिसाव्या वर्षी नोकरी बदलण्याच्या गडबडीत हप्ता चुकवलेला माणूस या खिंडीत सापडतो. तो घोषणापत्र जुन्या आठवणीने भरतो. बँकेची ऑटो-डेबिटची सूचना नव्या पगाराच्या खात्यावर वळवणं हे यासाठी पहिल्या आठवड्याचं काम आहे.

आरोग्य विम्यात कलम ४५ नाही. तिथे सलग पाच वर्षं पूर्ण झाली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम अडवता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाचवर आली. बीकेसी, पवई, ऐरोलीतल्या नोकरदारांना याची झळ उशिरा कळते, कारण कंपनीच्या गटविम्यात कोणी काही विचारत नाही. गटाच्या आयुर्विम्यातही ठरावीक रकमेपर्यंत तपासणी नसते. सगळं छान चाललेलं असतं. मग पंचेचाळिशीत नोकरी जाते, गटविमा त्याच दिवशी संपतो, आणि वैयक्तिक पॉलिसीचा फॉर्म पहिल्यांदा समोर येतो. तोवर रक्तदाबही जमा झालेला असतो.

ही सगळी चर्चा व्हेपवाल्या मुलांभोवती फिरते, पण महाराष्ट्रात पट्टीवर सापडणारे खरे लोक वेगळे आहेत. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि धूर न काढता घेणारे २४.४ टक्के. म्हणजे तळहातावर चुना मळणारे, बार भरणारे, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही पुड्या फोडणारे. आणि मशेरी लावणाऱ्या बायका. तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू सकाळी दातांना घासायची, थोडा वेळ तोंडात राहू द्यायची. घाटावरून आणि कोकणातून मुंबईत आलेल्या किती घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. त्या बाईला विचारा, व्यसन आहे का, ती मनापासून नाही म्हणेल. मशेरी तिच्या लेखी दात घासणं आहे. तिच्या लघवीत कोटिनिन सापडेल आणि फॉर्मवरचं ‘नाही’ खोटं ठरेल. यात तिचा दोष मला दिसत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने मशेरी, जर्दा, पान, तपकीर, व्हेप अशी नावं घेऊन विचारलं पाहिजे. मराठीत छापलेल्या फॉर्मवर एवढी ओळ घालायला काही खर्च येत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी एक सोय आहे ती अशी की वर्षाला ४३६ रुपयांच्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात तंबाखूवरून दर बदलत नाही. १८ ते ५० वयात बँकेतून घेता येतो, कवच दोन लाखांचं. दोन लाखांत संसार उभा राहत नाही, पण क्लेम या कारणाने अडत नाही.

नोकरीचा भाग मी थोडक्यात मांडते, कारण त्याबद्दलची मुंबईतली भीती बरीचशी अमेरिकेतल्या बातम्यांतून आलेली आहे. तिकडे क्लीव्हलँड क्लिनिकने २००७ पासून ओढणाऱ्यांना नोकरी देणं थांबवलं. यू-हॉल या वाहतूक कंपनीने फेब्रुवारी २०२० पासून, जिथे कायदा आड येत नाही अशा २१ राज्यांत, निकोटिन घेणाऱ्यांची भरती बंद केली. अर्ध्याहून जास्त राज्यांत ओढणाऱ्यांना संरक्षण देणारे कायदेही आहेत. जागतिक आरोग्य संघटना २००५ पासून ओढणाऱ्यांना घेत नाही. आपल्याकडे झारखंड सरकारने २०२१ पासून कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न घेण्याचं शपथपत्र मागायचं ठरवलं. मुंबईच्या खासगी नोकरीत निकोटिनसाठी वेगळी तपासणी नेहमीची नाही. पण नोकरीआधी अमली पदार्थांची बहुपट्टी तपासणी होते, आणि बाजारातल्या दहा-बारा पट्ट्यांच्या काही संचांत कोटिनिनची पट्टी असते. मागितलेली नसताना ती वापरली जाते आणि सगळा अहवाल एचआरच्या मेलवर जातो. हे मला अजिबात पटत नाही. एचआरला ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच कळायला हवं. बाकी कागद डॉक्टरकडे आणि उमेदवाराकडे. उमेदवाराने नमुना देण्याआधी कोणकोणत्या पट्ट्या आहेत ते विचारावं, निकोटिनचं च्युइंगगम चालू असेल तर आधीच लिहून द्यावं, अहवालाची प्रत मागावी. गम आणि तंबाखू यांत भेद करायचा असेल तर अॅनाबेसिन नावाचं द्रव्य तपासता येतं. ते तंबाखूच्या पानातून येतं, गममधून येत नाही. व्हेपच्या शुद्ध केलेल्या निकोटिनात मात्र ते जेमतेमच असतं, त्यामुळे व्हेपवाल्याला ही तपासणी निर्दोषही ठरवत नाही आणि दोषीही नाही. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रातूनही तो सुटतो, कारण जळत काहीच नसतं.

एक अपवाद मला मान्य आहे. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, बॉम्बे हायवरचे समुद्रातले तेलफलाट, जहाजांची इंजिनरूम. तिथे तापणारी तार आणि लिथियम बॅटरी खिशात असणं म्हणजे पेटती काडी खिशात असणं. तिथे उपकरण दारावर काढून घेतलं पाहिजे. त्यासाठी कोणाची लघवी तपासावी लागत नाही.

सोडायचं ठरवणाऱ्यांसाठी क्रम असा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत राष्ट्रीय क्रमांक; त्याचं एक केंद्र परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे आणि मराठीत बोलता येतं. दोन मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं. ते चघळत राहायचं नसतं: झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नाही, तोंड आम्लयुक्त झालं की निकोटिन शोषलं जात नाही आणि मग लोक म्हणतात, गमचा उपयोग होत नाही. आठ ते बारा आठवडे गम, हळूहळू कमी करत. या काळात पट्टी पॉझिटिव्हच येईल. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन या गोळ्यांनी ती येत नाही, पण त्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायच्या.

आणि विमा या सगळ्यासाठी थांबवायचा नाही. घरात कमावणारा एकच असेल तर आज आहे त्या दराने, ओढतो असं लिहून, पॉलिसी घ्यावी. शेवटचं गम संपल्यापासून बारा महिने, किंवा कंपनीच्या फॉर्ममध्ये असेल तेवढा काळ, निकोटिनशिवाय गेला की नवा प्रस्ताव न ओढणाऱ्याच्या दराने द्यावा, त्यात आधी ओढत होतो आणि कधी सोडलं तेही लिहावं. जुनीचा दर सहसा कमी होत नाही, म्हणून नवीच घ्यावी लागते. नवी हातात आली, तिच्यातली प्रत्येक नोंद वाचून झाली, चूक असेल तर परत करण्याच्या तीस दिवसांच्या मुदतीत दुरुस्त करून घेतली, की मगच जुनीचा हप्ता बंद करायचा. नव्या पॉलिसीची तीन वर्षं मात्र पहिल्यापासून सुरू होतात. पैसे परवडत असतील तर तेवढा काळ दोन्ही चालू ठेवाव्यात.